कूलरखालची भिंत

पांढुर्णा
६ मे १९८५

ती. देवकाबाई गावंडे यांना
सविनय नमस्कार.

मी उर्मिला सोमकुंवर, आपल्या पांढुर्ण्याच्या घरातली भाडेकरू. दिवाळीनंतर घर घेतलं तेव्हा आपली एकदाच भेट झाली, म्हणून पुन्हा ओळख देते. मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घरात मी, माझी सात वर्षांची मुलगी छाया आणि सासूबाई. छायाचे बाबा परासियाला कोळसा खाणीत आहेत, महिन्या-दीड महिन्यानं येऊन जातात.

पत्राचं कारण कूलर. घर दाखवताना आपले पुतणे रवींद्रभाऊ म्हणाले होते की मधल्या खोलीच्या खिडकीतला कूलर घराबरोबरच आहे, उन्हाळ्यात खुशाल चालवा. एप्रिलच्या शेवटी ऊन फार वाढलं तेव्हा चालू केला. हवा चांगली येते, पण टाकीच्या बुडाला गंज लागून बारीक भोकं पडली आहेत. त्यातून पाणी झिरपतं, खिडकीच्या चौकटीवरून भिंतीत उतरतं. भिंत मातीच्या जुडाईची, सिमेंट न घालता बांधलेली, ती पाणी पिऊन घेते. चौकटीखाली हातभर जागा ओली झाली आहे. छाया आणि सासूबाई त्याच भिंतीला लागून झोपतात.

एखाद्या मिस्त्रीला पाठवून टाकीचा पत्रा बदलता आला तर बरं होईल. ही तक्रार समजू नये. भिंत आपली आहे, म्हणून कळवलं.

आपली नम्र,
उर्मिला सोमकुंवर


सौसर
१५ मे १९८५

सौ. उर्मिला सोमकुंवर यांस,

आपले दि. ६ मेचे पत्र पोचले. कूलर हा घरासोबत केवळ सोयीखातर दिलेला असून तो चालवणे अथवा न चालवणे ही भाडेकरूची मर्जी आहे. सबब त्याची देखभाल व दुरुस्ती भाडेकरूची राहील. कूलरच्या वापराने घराच्या भिंतीस कोणतेही नुकसान पोचल्यास त्याची जबाबदारी घरमालकावर येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

कळावे.
देवकाबाई दादाजी गावंडे, अंगठा
पत्र लिहिणार : रवींद्र गावंडे


पांढुर्णा
२० जून १९८५

ती. देवकाबाई यांना
सविनय नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. त्यानंतर मी माझ्या परीनं टाकीच्या भोकांना डांबर लावून घेतलं. आधी कोणीतरी लावलेलं डांबर त्याखाली होतंच, त्यामुळे नवीन नीट धरलं नाही. गरमी एवढी होती की कूलर बंद ठेवणं जमलं नाही. मी त्यात रोज मोजून दोन बादल्या पाणी घालत होते, त्याहून जास्त नाही.

आता पाऊस लागला आणि कूलर बंद केला, पण भिंत काही वाळून नाही राहिली. पलंगाच्या उंचीपर्यंत ओल चढली आहे आणि तिच्यावर काळी बुरशी आली आहे. आधी मोहरीएवढे ठिपके होते, आता हात ठेवला तर पंजा भरेल एवढे डाग आहेत. फिनेलनं दोनदा पुसलं. चार दिवसांत पुन्हा येते. खोलीचं दार उघडलं की कुबट वास नाकात जातो. छायाला जरा खोकला आहे, तो पावसाळी हवेचा असेल.

आपण एकदा कोणाला तरी पाहायला पाठवावं, एवढीच विनंती. लिहून समजत नाही, डोळ्यांनी पाहिलं की समजेल.

आपली नम्र,
उर्मिला सोमकुंवर


सौसर
३ जुलै १९८५

सौ. उर्मिला सोमकुंवर यांस,

आपले दि. २० जूनचे पत्र पोचले. पूर्वसूचना देऊनही आपण गळका कूलर चालू ठेवला व त्यामुळे भिंत खराब झाली, हे आपल्याच पत्रावरून सिद्ध होते. घर आपणास राहण्यास योग्य वाटत नसल्यास आपणास अडवणूक नाही. एक महिन्याच्या आत घर रिकामे करून किल्ली सौसरला पोचती करावी. तशी रीतसर नोटीस वेगळी देण्यात येईल.

कळावे.
देवकाबाई दादाजी गावंडे, अंगठा
पत्र लिहिणार : रवींद्र गावंडे


पांढुर्णा
१४ जुलै १९८५

ती. देवकाबाई यांना
सप्रेम जयभीम.

आजवर मी आपल्याला नमस्कार लिहिला. आज घरात जसं म्हणतो तसं लिहिते, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

छायाला नुसता खोकला नव्हता. मागच्या पत्रात मी तो थोडका करून सांगितला. लेकरू आजारी आहे म्हटलं तर तुम्ही म्हणाल, मग जा दुसरीकडे. आम्हाला जायला दुसरीकडे नाही. ८ तारखेला सकाळी मी ड्युटीवर जायला साडी नेसत होते. सासूबाईंनी हाक मारली, "उर्मिला, पोरीले पाहा, श्वास घेता येऊन नाई राहिला." छाया पलंगावर उकिडवी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर खाली होत होते आणि ओठ निळे पडले होते. मी तिला उचलून तशीच दवाखान्यात धावत गेले. तिथल्या ज्या पलंगावर तिला ठेवलं, त्याच पलंगावर मी रोज दुसऱ्यांच्या लेकरांना सुई टोचते. त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि म्हणाले, "सिस्टर, आज तुम्ही फक्त आई आहात, बाजूला बसा."

तिला दम्यासारखं झालं आहे. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" मी भिंतीचं सांगितलं. ते म्हणाले, बुरशीतली भुकटी श्वासातून आत जाते, या लेकराला त्या खोलीत एक दिवस झोपवू नका. तेव्हापासून आम्ही तिघी स्वयंपाकघरात झोपतो. तिथं शेगडीचा धूर असतो. तिथंही ती खोकते.

आपण घर सोडायला सांगितलं. मी घर पाहिलं नाही असं नाही. सहा पाहिली. तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं. एका ठिकाणी बाईनं आतूनच विचारलं, "सोमकुंवर म्हणजे कोण?" मी म्हटलं, आम्ही बौद्ध. ती म्हणाली, "खोली कालच देऊन टाकली." खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि जाळ्या लोंबत होत्या. तुमच्याकडे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून आम्ही तुमच्या घराला धरून आहोत. हे घर बळकवावं असं माझ्या मनात नाही. कोरड्या भिंतीचं कोणतंही घर मिळालं तर मी उद्या निघेन.

एक विचारते. कूलर तुमचा, टाकीचं भोक जुनं, भिंत तुमची. मग माझ्या लेकराचा श्वास अडला तो नुसता माझ्या मर्जीनं अडला का?

उर्मिला सोमकुंवर


सौसर
२७ जुलै १९८५

सौ. सोमकुंवरबाईंस
नमस्कार.

हे पत्र मी माझ्या नावानं लिहीत आहे. मी रवींद्र गावंडे, देवकाबाई माझ्या काकू.

परवा मी पांढुर्ण्याला आलो होतो, हे आपल्या सासूबाईंनी सांगितलं असेलच. का आलो ते त्यांना सांगितलं नाही. माझ्या खिशात आपल्या नावाची नोटीस होती. आपण ड्युटीवर होतात. सासूबाईंनी दार उघडलं आणि मी मधली खोली पाहतो म्हटलं. खोलीत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले. मी भिंतीला हात लावला तर बोटं काळी झाली. मागून आवाज आला, "काका, हात साबनानं धुवा. नाई तं तुमालेबी खोकला होईल." छाया स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसली होती, मांडीवर उशी, उशीवर कोपर. एवढं एक वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

मी हात धुतले. आपल्या सासूबाईंनी चहा दिला, तो प्यालो आणि नोटीस खिशातच ठेवून बस पकडली.

आता जे सांगायचं ते सांगतो. काकूंना लिहिता-वाचता येत नाही. आपली पत्रं मीच त्यांना वाचून दाखवतो आणि त्या सांगतात ते लिहितो. निदान तसं व्हायला पाहिजे होतं. आपलं पहिलं पत्र ऐकून काकू म्हणाल्या, "विचार तिले, भिंत किती ओली झाली? गुलाब मिस्त्रीले पाठवू का?" मी लिहिलं, देखभाल व दुरुस्ती भाडेकरूची राहील. दुसरं पत्र मी त्यांना वाचलंच नाही. उर्मिलाबाई मजेत आहेत म्हणून सांगितलं. त्याच्या उत्तराखाली अंगठा घेतला तो भाड्याची पावती आहे असं सांगून. तिसरं पत्र आठ दिवस माझ्या टेबलाच्या खणात होतं.

मी सौसरच्या कोर्टात एका वकिलाचा मुन्शी आहे. रोज पाहतो की भाडेकरू वर्षानुवर्षं घर सोडत नाहीत आणि म्हाताऱ्या घरमालकिणी कोर्टाच्या पायऱ्या चढतात. काकूंना मूलबाळ नाही. त्यांचं घर जाऊ नये म्हणून मी वागलो, अशी मी माझी समजूत घातली होती. ते घर पुढं माझ्याकडे येणार, हेही मनात होतं. टाकीला पहिलं डांबर मागच्या वर्षी मीच लावलं होतं, आधीच्या भाडेकरूनं तक्रार केली म्हणून. भोक मला माहीत होतं.

काल सगळी पत्रं मी काकूंना वाचून दाखवली. माझी उत्तरंही. त्या काय बोलल्या ते सोबतच्या कागदावर आहे. त्यांनी मला शपथ घातली आहे की त्यांनी बोललेला एक शब्द गाळायचा नाही आणि एक शब्द सुधारायचा नाही.

आपला,
रवींद्र गावंडे


(त्याच पाकिटातला दुसरा कागद)

उर्मिला, तुह्या जयभीमले देवकाचा रामराम.

हा रवींद्र समोर बसला हाये, मान खाली घालून. मी सांगून राहिली आणि थो लिहून राहिला. काहून थांबला रे? हेबी लिही. तू खाली मान घालून बसला, हे तिले समजू दे.

माय, पहिल्या चिठ्ठीच्या पुढचं मले काहीच मालूम नव्हतं. मी वाट पाहून राहिली होती का नर्सबाईची चिठ्ठी काहून नाई आली. हा म्हणे, मजेत आहेत. मी म्हणो, मजेत आहेत तं बरं झालं. आणि तिकडं तुही पोट्टी श्वासासाठी तळमळत होती, माह्या भिंतीखाली.

तू विचारलं का कोणाची जबाबदारी. घर माहं. कूलर आमच्या यजमानानं घेतला, मले गरमी सहन होत नोती म्हणून. भिंतबी माही. मंग ओल दुसऱ्याची कशी होईल? याच्यात कोर्टाले काय विचाराचं? गुलाब मिस्त्रीले मी आजच निरोप धाडला. थो येईल, कूलर काढून टाकील, भिंत खरडून काढील. जे लागंल थे मी पाहीन. तू मधात पडू नको.

आता दुसरी गोष्ट. तू म्हणते, तुमच्याकडं कोणी आडनाव विचारलं नाई. मले विचाराची गरज नोती. तू घर पाहाले आली थेव्हा तुह्यासोबत तुही सासू होती. तिनं पदर नीट केला आन् मी तिले वळखलं. बोरगावची वत्सला. आमच्या वावरात कापूस वेचाले येत जाय. तिच्या ओळीत एक बोंड मागं राहत नोतं. तिनंबी मले वळखलं असंल, पण बोलली नाई. मीबी बोलली नाई.

थेव्हा दुपारी बाया पाणी मागत. आम्ही वरून ओतत होतो, त्याहिच्या ओंजळीत. भांडं हाती देत नोतो. माही सासू होती घरात, तिच्या धाकानं, असं मी म्हणू शकतो. पण सासू मेल्यावरबी दोन वर्सं मी तसंच ओतलं. हेबी लिही रे. काहून लाजतं, तू थोडी ओतलं? मी ओतलं.

म्हणून घर देतानी मी काही विचारलं नाई. मले वाटलं, एवढं केलं म्हणजे झालं. घर देऊन टाकलं आन् मांगं पाहिलं नाई. भिंत पाहाले एकदा तरी याले पाहिजे होतं. गुडघे दुखतात, हे खरं हाये. पण बस तं दारावरूनच जाते.

पोट्टीले जप. घर सोडाचं नाव काढू नको.

देवका


पांढुर्णा
११ ऑगस्ट १९८५

ती. देवकाबाईंना
सप्रेम जयभीम.

तुमचा कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला. पाणी वरून ओतण्याचा मजकूर आला तेव्हा वाचू की नको असं झालं. पण रवींद्रभाऊंना घातलेली शपथ मलाही लागू आहे असं वाटलं, म्हणून वाचला.  सासूबाई पोळ्या लाटत होत्या, लाटत राहिल्या. सगळ्या लाटून झाल्यावर म्हणाल्या, "तिनं सांगितलं, हेच गंज झालं, पुष्कळ झालं. कोणी सांगत नाई."

गुलाब मिस्त्री पाच दिवस येऊन गेले. कूलर काढला. टाकीचं बूड त्यांच्या हातात पापडासारखं मोडून आलं. भिंतीचं प्लास्टर खांद्याच्या उंचीपर्यंत खरडलं, आत माती लोण्यासारखी मऊ झाली होती. खिडकी आता पूर्ण उघडते. या खोलीत इतका उजेड येतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पण मिस्त्री जाताना जे बोलले ते मला झोपू देत नाही. ते म्हणाले, "बाई, एवढी ओल नुसत्या भोकाची नाई. ह्या चौकटीवरून पाणी धारेनं वाहिलेलं दिसते." त्यांनी पुढे विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगते.

मी रोज दोन बादल्या मोजून घालत होते, असं मी जूनमध्ये लिहिलं. ते खोटं होतं. सकाळी सातला नळ येतो, त्याच वेळी मला ड्युटीवर निघायचं असतं. सासूबाईंच्यानं बादली उचलवत नाही. म्हणून मी नळाला रबरी नळी लावली आणि तिचं दुसरं टोक कूलरच्या टाकीत सोडलं. नळ जाईपर्यंत पाणी आपोआप भरेल, असा हिशेब. टाकी भरली की उरलेलं पाणी चौकटीवरून वाहत असणार. दुपारी परत येईपर्यंत वरचं सगळं वाळलेलं असे, आत काय उतरत होतं ते दिसत नव्हतं. मे महिना मी असं केलं. भिंत ओली दिसायला लागल्यावरही केलं, कारण दुसरा उपाय सुचत नव्हता. आणि पत्रात सगळं भोकावर ढकललं.

तुम्ही लिहिलं की ओल तुमची. ती अर्धी माझी आहे. माझ्या लेकराच्या आजारात माझाही हात आहे, हे मी तिच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे. मजुरीतला अर्धा भार मला उचलू द्या, नाहीतर तुमच्या घरात मान वर करून राहता येणार नाही.

आणखी एक. मिस्त्री म्हणतात, पावसाळ्यात ही भिंत वाळायला दसरा होईल, तोवर नवीन प्लास्टर करू नका. तोवर आम्ही स्वयंपाकघरातच राहू. छायाला औषधानं थोडा उतार आहे. धुराचा त्रास होतो, पण सकाळी स्वयंपाक आटोपल्यावर मी दार-खिडकी उघडी टाकते.

तुमची,
उर्मिला


सौसर
१९ ऑगस्ट १९८५

उर्मिलाले रामराम.

नळीचं ऐकलं. ऐकून मी हासली. रवींद्र म्हणे, काकू, हासता काय, आता तं केस आपल्या बाजूनं झाली. मी म्हटलं, तुही केस चुलीत घाल.

बाई, सकाळी सातले नळ आन् सातले ड्युटी, म्हातारी घरात आन् लेकरू शाळेत जाणारं. तिथं मी असती तं मीबी नळीच लावली असती. तुही चूक झाली. टाकी चांगली असती तं तुही चूक एवढी भोवली नसती. आन् नळी नसती तं माह्या टाकीनंबी एवढं केलं नसतं. दोघीच्या चुका एका भिंतीत गेल्या, आता गुलाबलेबी वेगळ्या करता येणार नाई. अर्धी मजुरी देतो म्हणते तं दे. तुही मान वर राहत असंल तं मी नाई म्हणत नाई.

पोट्टीच्या बापाले सांगून टाक. खाणीतला माणूस हाये, पाणी झिरपते कसं थे त्याले समजते.

पण धुरात झोपाचं नाई. समोरची खोली माही म्हणून बंद करून ठेवली हाये. यजमान गेल्यावर मी तिले कुलूप लावलं आन् सौसरले आली. थे खोली पक्क्या जुडाईची, रस्त्याकडं दोन खिडक्या. रवींद्रसोबत किल्ली धाडून राहिली. उघडा, झाडून घ्या आन् तिघी तिथं झोपा. पलंग हाये, वापरा. भिंत वाळेपर्यंत म्हणून नाई सांगत. घराले तीन खोल्या हायेत तं तीन खोल्यांत राहा.

देवका


पांढुर्णा
१ सप्टेंबर १९८५

ती. देवकाबाईंना
सप्रेम जयभीम.

रवींद्रभाऊ किल्ली देऊन गेले. छायासाठी संत्र्याच्या गोळ्या आणल्या होत्या. ती त्यांना म्हणाली, "आज हात काळे नाई?" त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. मग बराच वेळ तिच्याजवळ बसून होते.

अर्धी मजुरी मी गुलाब मिस्त्रींना दिली. छायाच्या बाबांना नळीचं सांगितलं. ते आले होते चार दिवस. ऐकून उठून बाहेर गेले. तासाभरानं परत आले ते झाकणाचं पिंप घेऊन. म्हणाले, "पाणी याच्यात भरत जा. मी जवळ असतो तं तुले नळी लावा लागली नसती." माझ्यावर रागावले नाहीत, याचंच मला रडू आलं.

पण खोलीत आम्ही अजून गेलेलो नाही. का ते सांगते.

कुलूप उघडलं. खोली कोरडी खडखडीत आहे, नुसती धूळ. पलंग, तुमच्या यजमानांचा फोटो, खुंटीवर त्यांची छत्री. आणि पूर्वेच्या कोनाड्यात तुमचे देव. तुम्ही नेले असतील असं मला वाटलं होतं. तांब्याच्या ताम्हणात चार मूर्ती, वाळलेलं फूल त्यांच्यावर तसंच. मी झाडू हातात घेऊन थांबले. सासूबाई तर उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. म्हणाल्या, "मी इथंच बरी. तू पोरीले टाक आत. मले आपलं स्वयंपाकघर ठीक आहे."

मला तुमच्याशी स्पष्ट बोलायची सवय लागली आहे, म्हणून लिहिते. आम्ही देव मानत नाही. तुमच्या देवांची पूजा माझ्याकडून होणार नाही आणि होते असं खोटं सांगणंही होणार नाही. पण मी त्यांना धक्काही लावणार नाही. अडचण एवढीच की त्या कोनाड्याखालीच पलंग आहे. आम्ही तिथं झोपायचं, जेवायचं, छाया आजारी पडली तर तिथंच ओकणार. उद्या तुमच्या नात्यातलं कोणी आलं आणि म्हणालं की देवाच्या खोलीत या लोकांना ठेवलं, तर बोल तुम्हाला लागेल. रवींद्रभाऊंना पाठवून देव सौसरला न्यावेत. तोवर मी खोलीला पुन्हा कुलूप लावलं आहे.

यंदा धोंड्याच्या महिन्यामुळे पोळा लांबला, तो आता चौदा तारखेला. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन्ही काठांवरची गावं एकमेकांवर दगड मारणार. त्या दिवशी दवाखान्यात आम्हा सगळ्यांची ड्युटी असते, डोकी फुटलेली माणसं सावरगावकडूनही येतात आणि इकडूनही. मला दिवसभर घरी येता येणार नाही. त्याच्या आत छाया आणि सासूबाई कोरड्या खोलीत गेलेल्या असाव्यात, एवढं मनात आहे. म्हणून लवकर कळवा.

तुमची,
उर्मिला


सौसर
५ सप्टेंबर १९८५

उर्मिलाले रामराम.

चिठ्ठी आत्ता ऐकली. रवींद्र म्हणे, सायंकाळी लिहू. मी म्हटलं, बस इथंच, आत्ता लिही.

देव कुठं न्याचे नाई. मी विसरून नोती आली. यजमानाच्या हातची पूजा होती थे, माह्या हातानं उचलवली नाई, म्हणून तिथंच ठेवून आली. पूजेचं तुले कोण सांगून राहिलं? तू मानत नाई तं नको मानू. तुह्या बुद्धाचा फोटो लावाचा असंल तं समोरच्या भिंतीले खिळा ठोक. माह्या देवाले त्याचं वावडं नाई. असलं तं थो देव माह्या काय कामाचा?

नात्यातलं कोणी आलं आन् बोललं तं त्याले म्हणजो, सौसरले जाऊन देवकाशी बोला. पत्ता दे.

पोट्टी ओकली तं ओकली. लेकरू हाये. पाण्यानं धुवून काढजो.

आता वत्सलेले हे वाचून दाखव. वत्सला, देवका बोलून राहिली. माह्या ओसरीवर तुले कधी बस म्हटलं नाई. आता वय झालं दोघीचं, आणखी किती दिवस उंबऱ्यावर उभी राहशील? पहिले तू आत जाजो. पलंगावर बसजो. मंग नातीले बोलावजो. पोळ्याच्या दिवशी मी बसनं येतो, रवींद्र आणून सोडते. गोटमारीले उर्मिला दवाखान्यात राहील, मी तुह्याजवळ राहीन. मले पाणी लागंल, थे तुह्या हातानं दे.

आन् उर्मिला, देवाची काळजी तू करू नको. यजमान गेले त्याले दोन वर्सं झाली. तवापासून थे देव बंद खोलीत एकले बसून हायेत. पोट्टी तिथं झोपली तं त्याहिलेबी सोबत होईल.

देवका